आठ नव्हे, सोळा

पत्र थोडक्यात: नाशिकमध्ये राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा २१ महिन्यांचा. पळतो, जिना चढतो, सांगितलेलं समजतं, पण "स्पष्ट शब्द मोजून आठ": आई, बाबा, आजी, बॉल, कार, नो, हाय, बाय. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी अख्खी बडबडगीतं म्हणून दाखवते. आईबाबा दोघंही नोकरीला, दिवसभर मूल आजीजवळ. आजी धुळ्याकडच्या, त्या अहिराणीतच बोलतात. पुढे इंग्रजी शाळेत अडायला नको म्हणून आई "वॉटर पी", "शूज घाल" असं मुद्दाम बोलते. मोबाइल लावल्याशिवाय मुलगा घास घेत नाही. मनासारखं झालं नाही की चावतो. सर्दी सारखी होते. आजी म्हणतात, "याचा बापही तीन वर्षांचा होऊन बोलला." डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षांपर्यंत थांबू." कुणा नातेवाइकाने मोबाइलमुळे मुलांना 'व्हर्च्युअल ऑटिझम' (स्वमग्नता) होतो असं सांगणारा व्हिडिओ पाठवला, तेव्हापासून आईची झोप उडाली आहे. १८ हजारांचा फ्लॅशकार्डांचा कोर्स लावू का, प्लेग्रुपमध्ये घालू का, नोकरी सोडू का, असे तीन प्रश्न आहेत. आणि शेवटी एक ओळ: "माझंच काही चुकलं का?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि फक्त लेकाचे शब्द मोजले. आठ नाहीत हो ते.

यादी सोडून पत्रात इकडेतिकडे तुम्हीच लिहिलंय. चपला दिसल्या की "भुर्र" म्हणत दाराकडे धावतो. भूक लागली की "मंमं", बाटली हवी असली की "दुदू". गल्लीतला कुत्रा म्हणजे "भू-भू". पंख्याकडे बोट करून "फाफा". चमचा खाली टाकायचा आणि आपल्याकडे बघत "पयं" म्हणायचं, म्हणजे पडलं. कुकरची शिट्टी झाली की हा स्वतःच "शीऽऽ" करतो. आणि आजीचा पदर ओढत "आठे, आठे". अहिराणीत आठे म्हणजे इथे, हे मला माझ्या जळगावच्या मैत्रिणीमुळे माहीत. झाले आठ. तुमचे आठ धरून सोळा.

तुम्ही हे का धरले नाहीत ते समजतं. काही बोबडे, काही नुसते आवाज, एक तर 'गावाकडचा'. पण या वयात शब्द कशाला म्हणायचं याचा नियम अगदी साधा आहे. तोच आवाज, त्याच गोष्टीसाठी, आपणहून, पुन्हा पुन्हा. "फाफा" म्हणजे दर वेळी पंखाच असेल तर तो शब्द आहे. कुत्र्यासाठी "भू-भू" हाही शब्दच. भाषा कुठली, याला महत्त्व नाही. दोन-तीन भाषांच्या घरात सगळ्या भाषांची बेरीज करायची असते. उलट तुम्ही "म्हण, एलिफंट" म्हणालात आणि त्याने लगेच "एफंट" म्हटलं, तर तो कितीही गोड वाटला तरी धरायचा नाही. ती नक्कल झाली. हत्ती दिसल्यावर स्वतःहून म्हणेल तेव्हा धरा.

शेजारच्या मुलीबद्दल एवढंच म्हणेन, की गाणं पाठ असणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तहान लागल्यावर ती पाणी मागते का, ते बघा. बहुधा मागत असेल, गुणी दिसते पोर. पण गाण्यावरून ते ठरत नाही.

आता सोळा म्हणजे कमी की पुरेसे? मी डॉक्टर नाही. बालवाडीत आणि नंतर पालकांच्या गटांबरोबर आयुष्य गेलं, त्यामुळे पत्रावरून निदान करायची चूक मी करणार नाही. तुम्ही 'गूगल' केलंय म्हणता, तर आकडे नीट घ्या. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची यादी सुधारली. ज्या गोष्टी त्या वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना जमतात, त्याच तिथे ठेवल्या. त्यानुसार दीड वर्षाला आई-बाबा सोडून तीन शब्द, दोन वर्षांना दोन शब्द जोडून बोलणं ("अजून दुदू", "बाबा भुर्र"), आणि अडीच वर्षांना सुमारे ५० शब्द. (मूल दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करून वय धरतात. इतर वाचकांसाठी सांगते.) तुमचा मुलगा दीड वर्षाचा टप्पा ओलांडून आलाय आणि दोन वर्षांचा टप्पा तीन महिन्यांवर आहे. हे तीन महिने नुसती वाट बघण्यात घालवायचे नाहीत आणि घाबरण्यातही नाहीत.

खरं तर शब्दांपेक्षा मला तुमच्या पत्रातली दुसरीच दोन वाक्यं महत्त्वाची वाटली. तुम्ही ती तक्रारीच्या ओघात लिहून पुढे गेलात. एक, "चष्मा आजीला नेऊन दे म्हटलं की बरोबर नेतो." बोट न दाखवता नुसत्या बोलण्यावरून तो काम करतो. म्हणजे चष्मा, आजी, नेणं, देणं हे सगळं त्याच्या डोक्यात साठलेलं आहे. तोंडातून बाहेर यायचंय इतकंच. मुलांना बोलता येतं त्याच्या कितीतरी पट समजत असतं. दुसरं, "विमान गेलं की वर बोट करतो आणि आमच्याकडे बघतो." हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. बिस्किटाच्या डब्याकडे बोट दाखवणं म्हणजे 'मला दे'. विमानाकडे बोट करून तुमच्या तोंडाकडे बघणं म्हणजे 'तूसुद्धा बघ ना'. मिळवायचं काही नाही, फक्त आनंद वाटून घ्यायचाय. संवादाचं मूळ तिथेच असतं. शब्द उशिरा आले तरी हे मूळ असेल, तर धीर धरायला जागा असते. ते नसेल, म्हणजे मूल दीड वर्षानंतरही दाखवायला बोट करत नसेल, हाकेला वळत नसेल, नजर टाळत असेल, तर मात्र भरपूर शब्द असूनही तपासणी करून घ्यावी. आणि येत असलेले शब्द गळायला लागले, तर कुठल्याही वयात, कुणाचंही न ऐकता, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

त्या व्हिडिओचं आता सांगते. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हे मानसोपचारातलं मान्य निदान नाही. निदानाच्या अधिकृत पुस्तकांत तुम्हाला ते सापडणार नाही. ऑटिझम मोबाइलमुळे जडत नाही. स्क्रीनचा अतिरेक झाला की बोलणं आणि मिसळणं कमी होऊ शकतं, आणि तो कमी केला की बरीच मुलं खुलतात, हे खरं. पण एखाद्या मुलाला खरोखर ऑटिझम असेल आणि घरचे "मोबाइल बंद करा, होईल ठीक" म्हणत वर्ष काढतील, तर त्या शब्दाने त्याचं नुकसानच केलं. तुम्हाला शंका आहे ना, मग डॉक्टरांना १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची एम-चॅट ही प्रश्नावली भरून घ्यायला सांगा. वीस प्रश्न असतात, हो-नाही स्वरूपाचे. ती निदान करत नाही, पुढची तपासणी हवी का एवढंच सांगते. रात्री दोन वाजता व्हिडिओ बघण्यापेक्षा बरी.

त्याआधी एक तपासणी मला सगळ्यात जास्त हवी आहे, आणि ती तुमच्या पत्रात कुठेच नाही. कान. "दर महिन्या-दीड महिन्याला सर्दी" असं तुम्ही लिहिलंय. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहू शकतं. दुखत नाही, ताप नाही, कुणाला कळतही नाही. पण मुलाला सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं, आणि तेही कधी नीट, कधी मंद. "कुकरच्या शिट्टीला बघतो की" हे पुरेसं नाही. शिट्टी मोठी असते. 'पडलं' मधला 'ड', 'चप्पल' मधला 'च' ऐकू येण्यासाठी कान त्याहून पुष्कळ चांगला लागतो. जन्मल्यावर केलेली तपासणी ठीक होती, यावरही विसंबू नका, ती त्या दिवसापुरती. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडे, तपासून घ्या. काही तपासण्या दोन-चार मिनिटांत होतात. 'बेरा' म्हणजे आवाजाला कानाची नस कसा प्रतिसाद देते ते मोजणारी तपासणी, तिच्यासाठी मुलाला झोपवावं लागतं. यातल्या कशानेही दुखत नाही. आणि हे दोन वर्षांपर्यंत थांबवायचं काहीच कारण नाही. तुमचे डॉक्टर चुकले असं मी म्हणत नाही. दहा मिनिटांच्या भेटीत मूल रडत असताना कुणाला काय दिसणार? पुढच्या वेळी घरी खेळताना काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा, आणि ही सोळा शब्दांची यादी. "थांबू" म्हणाले तर विचारा, "कान तपासून थांबू या का?"

सासूबाईंचं "याचा बापही" हे वाक्य तुम्हाला टोचतं, हे दिसतंय. ते खोटं नसावं. उशिरा बोलणं घराण्यात चालत येऊ शकतं. पण म्हणून तर जास्त लक्ष द्यायचं ना! आजोबांना साखर होती म्हणून आपण स्वतःची तपासत नाही असं थोडंच करतो. शिवाय त्या काळी वाड्यात वीस माणसं होती, आत्या-काका होते, सारखं कुणी ना कुणी पोराशी बोलत होतं. आज फ्लॅटमध्ये दिवसभर एक आजी, एक नातू आणि एक टीव्ही. वेखंड उगाळून जिभेला लावायचा सल्ला मात्र नम्रपणे टाळा. त्याने बोलणं येत नाही, उलटी येऊ शकते. 'जीभ जड' असल्यामुळे मुलं शब्द शिकत नाहीत असंही नाही; जीभ खाली चिकटलेली असेल तर फार तर काही उच्चारांना अडचण येते.

आता जेवण आणि मोबाइल. इथे जरा थांबते, कारण तुमच्या घरातली खरी गाठ मला इथे दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की एक वर्षाच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला देऊ नये, आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला तासाच्या आत. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही दोन वर्षांखाली स्क्रीन नको असंच म्हणणं आहे. लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. हे तुम्हाला माहीत आहे. माहीत असूनही तुम्ही मोबाइल लावता, कारण भीती मोबाइलची नाहीच, ती पोर उपाशी राहण्याची आहे. म्हणून मोबाइल काढून घ्या असं सांगून काही होणार नाही. आधी ती भीती बघू या.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं. वाढीचा वेग उतरतो, तशी भूकही उतरते. दहाव्या महिन्यात वाटीभर मऊ भात संपवणारं मूल दीड वर्षाचं झाल्यावर चार घासांत तोंड फिरवतं, आणि घरातले सगळे म्हणतात, "काहीच खात नाही." खात असतं. त्याला लागतं तेवढं खात असतं. मोबाइल समोर ठेवला की ते तोंड उघडतं, कारण पोट भरल्याचं त्याच्या लक्षातच येत नाही. वजनाचा तक्ता डॉक्टरांकडून बघून घ्या. रेषा ठीक चालली असेल, तर काय द्यायचं, कधी आणि कुठे बसून, हे तुमच्याकडे. किती खायचं हे त्याच्याकडे. सुरुवातीचे चार-पाच दिवस वाईट जातील. सुट्टीला जोडून सुरू करा, आणि सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. नाहीतर तुम्ही ऑफिसला गेल्यावर मोबाइल परत येईल, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. साठी उलटलेल्या बाईने एकटीने पळतं पोर सांभाळायचं, वर स्वयंपाक करायचा, आणि मोबाइलही नको म्हणायचं? मग दुपारी दोन तास मदतीला कुणी येईल का, ते बघा. १८ हजार वाचणार आहेतच, त्याचं पुढे सांगते.

जेवताना त्याच्या हातात काहीतरी द्या. भाकरीचा मऊ तुकडा, उकडलेल्या बटाट्याची फोड. सांडेल, फासेल, केसांना लावेल. शेंगदाणे, फुटाणे, आख्खी द्राक्षं मात्र नकोत, घशात अडकतात. आणि कुणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही बंद. मागे टीव्ही बोलत असला की घरातली मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात, हे अभ्यासांत दिसलंय. आपल्याला जाणवत नाही इतकंच.

तुमच्या इंग्रजीबद्दल थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. "वॉटर पी" ही भाषा तुमची नाही, मराठीही नाही आणि इंग्रजीही नाही. दोन भाषांनी मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं ही समजूत चुकीची आहे. दोन काय, तीनही भाषा मूल पेलतं. पण प्रत्येक भाषा तिच्या माणसाकडून भरभरून यावी लागते. तुम्ही इंग्रजीत त्याच्याशी काय बोलता? आज्ञा आणि नावं. कम, सिट, ॲपल, रेड. त्याच्यावर चिडणं, त्याला खिजवणं, पावसाचं कौतुक, झोपतानाच्या गुजगोष्टी इंग्रजीत येतात तुम्हाला? येत असतील तर खुशाल बोला. नसतील तर मराठीत बोला, आणि सासूबाईंना अहिराणीत बोलू द्या. "आपल्यामुळे पोराची भाषा बिघडेल" असं वाटून त्या गप्प राहायला लागल्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. या सगळ्या पत्रात मला सगळ्यात वाईट त्याचं वाटलं. दिवसाचे आठ-नऊ तास त्याच्याजवळ असणारं माणूस गप्प! त्यांना सांगा, "आठे" हा शब्द यादीत लिहिलाय. शाळेतलं इंग्रजी शाळेत येईल. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं, मग दोन वर्षांच्या पोराला कसली घाई?

एक गंमत बघा. मराठी ही छोट्या मुलासाठी फार सोयीची भाषा आहे. "दे" एवढं एक अक्षर म्हटलं की वाक्य पूर्ण. "पडलं", "आलं", "संपलं", "उघड", "नको", "अजून", कर्ता नको, कर्म नको. आपण मुलांना शिकवतो काय, तर रंग, आकार आणि जिराफ. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसात किती वेळा जिराफ लागतो? "अजून" पन्नास वेळा लागतो. "उघड" वीस वेळा. आणि दोन शब्दांची जोडी नुसत्या नावांची सहसा होत नाही; "अजून भुर्र" होते, "दुदू संपलं" होते. तर तीन महिने या कामाच्या शब्दांवर भर द्या.

कसा द्यायचा? शिकवून नाही. इथे मला तुमचं ते वाक्य आठवतं, "मी ऑफिसातून आले की रोज अर्धा तास त्याची प्रॅक्टिस घेते." ती प्रॅक्टिस थांबवा, बाई. दिवसभरानंतर आई येते, तो धावत येतो आणि आई विचारते: हे काय? ते काय? म्हण बघू? मी त्याच्या जागी असते तर मीही तोंड मिटलं असतं. परीक्षेत कुणी गप्पा मारत नाही. प्रश्न कमी करा. तो जिकडे बघतोय तिकडे तुम्ही बघा आणि त्याच्या मनात असेल ते तुम्ही म्हणा. पंखा बघतोय? "पंखा फिरतोय. गरगर. थांबला!" तो "फाफा" म्हणाला, की "फाफा नाही, पंखा म्हण" असं सुधारायचं नाही, त्याच्या एका शब्दाला तुमचा एक जोडून परत द्यायचा: "पंखा सुरू!" त्याने "भू-भू" म्हटलं, "भू-भू पळाला." बस्स. मग थांबा.

हे थांबणं आपल्याला जमत नाही. मनात सावकाश आठ-दहा आकडे मोजा. डबा त्याच्या हातात द्या, झाकण घट्ट असू द्या आणि त्याच्याकडे बघत राहा. तो डबा तुमच्याकडे करेल, कुरकुरेल, "उं" करेल. "उघड? उघडू? उघडला!" चार दिवसांनी त्या "उं"चा "उघ" होईल. त्याला हवं ते समजलेलं असूनही 'बोलल्याशिवाय देणार नाही' असं अडवून धरायचं मात्र नाही. भुकेल्या पोराकडून शब्द वसूल करणं म्हणजे सावकारी झाली. नेहमीचं गाणं म्हणताना शेवटचा शब्द गाळा आणि बघत राहा. "केळं की चपाती?" असं दोन्ही हातांत धरून विचारा, म्हणजे हो-नाही करून सुटता येत नाही.

चावण्याचंही यातच आलं. सांगायचंय पुष्कळ, शब्द सोळा. मग दात वापरतो. "चावायचं नाही" एवढंच शांतपणे म्हणा आणि त्याच्या मनातलं वाक्य त्याला द्या: "तुला बॉल हवा होता. राग आला." शब्द वाढले की दात कमी होतील.

यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही, आणि नोकरी सोडायची तर नाहीच. अंघोळ, कपडे घालणं, भाजी निवडणं, लिफ्टची वाट बघणं, हीच वेळ. नवऱ्याला रोजची अंघोळ घालायला सांगा. मोबाइल बाथरूमबाहेर. "पाणी, गरम, अजून, डोळे मिट, झालं", रोज तेच शब्द, त्याच क्रमाने, बाबाच्या आवाजात. याच्यापेक्षा चांगला कोर्स मला माहीत नाही.

फ्लॅशकार्डं नकोत. सेकंदाला एक चित्र दाखवून मेंदू तल्लख होत नाही, आणि चित्रातल्या सफरचंदाला वास नसतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्यांचं काम उभं केलं, तेव्हा पानं, बिया, खडे, शंख हेच साहित्य होतं. तुमच्या घरात पातेली आहेत, डबे आहेत, कणकेचा गोळा आहे. आणि गोदाकाठ आहे, रविवारी न्या.

प्लेग्रुपचं म्हणाल तर घाई नाही. बोलकं करण्यासाठी म्हणून घालू नका. एका बाईमागे पंधरा पोरं असतील तर त्याच्याशी घरच्यापेक्षा कमीच बोललं जाईल. सासूबाईंना विसावा हवा म्हणून दोन तास घालणार असाल तर ते कारण चांगलं आहे. फक्त तिथल्या बाई खाली बसून मुलांशी गप्पा मारतात का, ते दाराआडून बघा. भिंतीवरचे ए-बी-सी-डी बघू नका.

ज्यांच्या गावात ऑडिओलॉजिस्ट नाही त्यांच्यासाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात. अंगणवाडी ताईंना तारीख विचारून ठेवा आणि 'बोलत नाही' ही शंका स्वतः सांगा. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं लवकर निदान आणि उपचारांचं केंद्र, ज्याला सगळे 'डीईआयसी' म्हणतात, तिथे पुढची तपासणी मोफत होते. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे.

तर या पंधरवड्यात कान. दुसऱ्या वाढदिवसाला दोन शब्द जोडले जात नसतील, तर "अजून सहा महिने बघू" न म्हणता स्पीच थेरपिस्टची वेळ घ्या. थेरपिस्टकडे जाणं म्हणजे मुलावर शिक्का नव्हे. या वयात ते बहुतेक वेळा तुम्हालाच खेळायला शिकवतात.

आणि ती शेवटची ओळ. तुम्ही विमान, चष्मा, फाफा, पयं, हे सगळं टिपून ठेवलंत. दिवसभर बाहेर राहून, रात्री दोन वाजता बसून मला पाच पानं लिहिलीत. हे चुकणाऱ्या आईचं पत्र नाही. स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कागद लावा आणि सोळा शब्द लिहा. "आठे" सासूबाईंच्या हातून लिहून घ्या. नवा शब्द आला की ज्याने ऐकला त्याने लिहायचा. कानाचा रिपोर्ट आला की मला कळवा, त्या कागदाचा फोटोही पाठवा.